३० जणांच्या ज्युपिटरहबला (एका सर्व्हरवर सगळ्यांनी ब्राउझरमधून पायथन नोटबुक चालवायची सोय) कोअर किती, रॅम किती?

सांगलीचं कॉलेज, ३० विद्यार्थी, प्रॅक्टिकलची बॅच २० जणांची, हळद सौद्यांच्या १ कोटी ओळी पांडाजमध्ये (पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी). आणि कोटेशन आलंय ३२ कोअर, ६४ जीबी रॅमचं. प्रमाण उलटं आहे. १६ कोअर पुरतील, रॅम १२८ च्या खाली नको. पांडाजची बहुतेक कामं एकाच कोअरवर चालतात. कोअर कमी पडले तर पोरं दोन मिनिटं थांबतील, रॅम संपली तर कर्नल (नोटबुकचा कोड चालवणारा प्रोग्राम) मरतो.

हिशेब असा: १ कोटी ओळी × २० आकड्यांचे रकाने × ८ बाइट = १.६ जीबी, तेही नुसतं पडून. मर्ज, सॉर्ट केलं की नवी प्रत बनते आणि जुनी कुणी सोडत नाही. डीएफ२, डीएफ३ अशी तक्त्यांची नावं वाढत जातात. तिप्पट धरा, म्हणजे ५ जीबी. इथे सरासरी कामाची नाही. सरांनी ‘चालवा’ म्हटलं की वीसच्या वीस जण एकदम शिफ्ट-एंटर दाबतात. १०० जीबी तिथेच गेले, वर ओएस आणि हबला ८-१०.

८ चॅनलचा (रॅमकडे जाणाऱ्या ८ वाटांचा) झिऑन, म्हणजे सर्व्हरचा प्रोसेसर, असेल तर १६ जीबीच्या ८ स्टिक घ्या. ६४ च्या दोनच घेतल्या तर ६ चॅनल रिकामे राहतात आणि मेमरीचा वेग पार बसतो. वाढवायला स्लॉट उरतात का, तेही विचारा.

ज्युपिटरहबमधली मेम_लिमिट, म्हणजे एका जणाची रॅमची मर्यादा, ६ जीबी ठेवा. मात्र प्रत्येकाचं नोटबुक सुरू करून देणारा नेहमीचा लोकलप्रोसेसस्पॉनर ही मर्यादा पाळतच नाही, एरर न देता गप्प बसतो. त्यासाठी सिस्टिमडीस्पॉनर हवा. ब्राउझर बंद केला तरी कर्नल रॅम धरून बसतो, म्हणून आयडल कलर (idle culler, रिकामी पडलेली नोटबुक बंद करणारा) लावा. ओपनब्लासचे (आकडेमोडीची लायब्ररी) थ्रेड २ वर बांधा, नाहीतर प्रत्येक जण सोळाच्या सोळा कोअर मागतो.

‘राजापुरी’, ‘सेलम’ अशी हळदीच्या जातींची नावं असलेले रकाने पांडाजच्या कॅटेगरी प्रकारात बदला: ओळीमागे निदान ८ बाइट लागायचे तिथे १ लागतो. पैसे भरण्याआधी खरी नोटबुक एका लॅपटॉपवर चालवून एचटॉपमधला (चालू प्रोग्राम दाखवणारं साधन) आरईएसचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या रॅमचा, सर्वांत मोठा आकडा टिपा. माझ्या ५ च्या जागी तो घाला.

आणि रॅक तळमजल्यावर नको. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं, ते शिपाईमामांना विचारा.