इयागोचा दुष्टपणा ‘निर्हेतुक’ की ‘निष्कारण’?

इंग्रजी साहित्य घेऊन एम.ए. करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ या नाटकावरच्या एका मराठी मार्गदर्शकात ‘इयागोचा दुष्टपणा निर्हेतुक आहे’ असं वाक्य त्यांना सापडलं, आणि त्याच प्रकरणाखाली सरावासाठी प्रश्न होता, ‘इयागोचे हेतू स्पष्ट करा.’ निर्हेतुक असेल तर हेतू कसले स्पष्ट करायचे? ‘मोटिव्ह’ला हेतू म्हणावं, कारण म्हणावं की प्रेरणा? आणि जाता जाता, त्या रुमालाला ‘प्रतीक’ म्हणायचं का?

नाटक वाचलेलं नसेल त्यांच्यासाठी चार ओळी. ऑथेल्लो हा व्हेनिसच्या सैन्यातला मूर, म्हणजे आफ्रिकी वंशाचा, सेनापती. डेस्डिमोना ही त्याची नवपरिणीत बायको. कॅसिओला ऑथेल्लोनं आपल्या हाताखालची मोठी जागा दिली आहे. इयागोला ती हवी होती, पण तो निशाण वाहणारा अधिकारीच राहिला. हा इयागो ऑथेल्लोचे कान भरतो की डेस्डिमोना आणि कॅसिओचं सूत आहे. पुरावा काय, तर बायकोला दिलेला एक रुमाल कॅसिओच्या हातात दिसतो. ऑथेल्लो तिला ठार मारतो आणि सत्य कळल्यावर स्वतःला.

आता ‘निर्हेतुक’ आला कुठून? कोलरिज या इंग्रज कवीनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पहिल्या अंकाच्या शेवटी येणाऱ्या इयागोच्या स्वगताविषयी एक टिपण केलं. त्याचं म्हणणं, इथे मुळात ‘मोटिव्ह’ नसलेला दुष्टावा आपल्यासाठी ‘मोटिव्ह’ शोधत हिंडतो आहे. ते टिपण पुढे इतकं गाजलं की इयागोवरचा निबंध त्याच्याशिवाय पुरा होईना. मराठीत आणताना कुणीतरी ‘मोटिव्ह = हेतू’ हे समीकरण मांडलं, त्याला ‘निर्’ जोडला आणि मोकळा झाला. तुमचा घोळ तिथे सुरू होतो.

आज मराठीत ‘निर्हेतुक’ कुठे वापरतात ते आठवून पाहा. निर्हेतुक प्रेम, निर्हेतुक सेवा, निर्हेतुक मदत. म्हणजे ज्यात स्वतःचा काही डाव नाही, बदल्यात काही पदरात पाडून घ्यायचं नाही असं. भागवतातली ‘अहैतुकी’ भक्ती ती हीच. दुसरा वापर ‘मुद्दाम नव्हे’ या अर्थी: ‘माझ्याकडून ते निर्हेतुकपणे बोललं गेलं.’ पहिला अर्थ धरला तर इयागोचा दुष्टपणा निःस्वार्थ ठरतो. दुसरा धरला तर त्याच्या हातून चुकून घडलेला. दोन्हीकडून स्वारी निर्दोष सुटते, आणि अख्ख्या नाटकात इतकं ठरवून, इतकं मापून-तोलून वागणारा दुसरा माणूस नाही!

गंमत म्हणजे ‘हेतु’ हा शब्द संस्कृतात मुख्यतः कारणासाठीच होता. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, डोंगरावर अग्नी आहे हे सिद्ध करायला धूर हा हेतू. तिथे धुराचा काही ‘उद्देश’ नसतो. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त दोन याद्या वेगळ्या दिल्या: काव्य निर्माण कशामुळे होतं (शक्ती, निपुणता, अभ्यास) ते काव्यहेतू, आणि कशासाठी लिहायचं (यश, पैसा, व्यवहारज्ञान वगैरे) ती काव्यप्रयोजनं. ‘कशामुळे’ आणि ‘कशासाठी’ यांची त्यानं सरमिसळ होऊ दिली नाही. मराठीत मात्र ‘हेतू’ हळूहळू ‘कशामुळे’ कडून ‘कशासाठी’ कडे सरकला. ‘वाईट हेतूनं’, ‘हेतुपुरस्सर’, ‘अंतस्थ हेतू’ या सगळ्यांचं तोंड पुढे, साधायच्या गोष्टीकडे आहे. काव्यशास्त्राच्या तासाला एक अर्थ आणि वर्तमानपत्रात दुसरा, असं दोन्ही नांदतं आहे, आणि विद्यार्थी मध्ये सापडतो.

इंग्रजी ‘मोटिव्ह’चं तोंड दोन्हीकडे आहे. म्हणून मराठीत तो एका शब्दात मावत नाही. इयागोपुरतं बोलायचं तर मी तीन शब्द वेगळे ठेवीन: हेतू, कारण आणि निमित्त.

हेतू स्पष्ट आहे. ऑथेल्लोचं वाटोळं करायचं, कॅसिओला जागेवरून उडवायचं. यात गूढ काही नाही. तो स्वतःच प्रेक्षकांना सांगतो.

कारण? इथे मजा आहे. पहिल्याच प्रवेशात तो म्हणतो, मला डावलून त्या पुस्तकी हिशेबनीस कॅसिओला बढती दिली. समजण्यासारखं आहे, कचेरीत नोकरी केलेल्या कुणालाही समजेल. पण त्याच अंकाच्या शेवटी, एकटा असताना, नवंच काढतो: ऑथेल्लोचे माझ्या बायकोशी संबंध आहेत अशी लोकांत कुजबुज आहे. आणि लगेच जोडतो की ते खरं आहे की नाही मला ठाऊक नाही, पण नुसत्या संशयावर मी ते खरं धरून वागेन. दुसऱ्या अंकात आणखी भर: डेस्डिमोनावर माझंही मन आहे. त्याच स्वगतात, माझ्या बायकोच्या बाबतीत मला कॅसिओचीही शंका येते! पाचव्या अंकात, कॅसिओला मारायला निघताना, निराळंच: या माणसाच्या रोजच्या जगण्यात असं एक सौंदर्य आहे की त्याच्यापुढे मी कुरूप ठरतो.

खरं कारण असलेला माणूस एकच कारण दहा वेळा सांगतो. हा दर वेळी नवं सांगतो, आणि बढतीची गोष्ट, जी एकटीच पटण्यासारखी होती, ती मागे पडत जाते. अशा सांगण्याला मराठीत ‘कारण’ म्हणत नाहीत, ‘निमित्त’ म्हणतात. निमित्त काढणं, निमित्त शोधणं, निमित्ताला टेकणं हे आपले रोजचे वाक्प्रचार. भांडायचं आधी ठरलेलं असतं, निमित्त मागाहून सापडतं. म्हणून कोलरिजचं म्हणणं मराठीत मी असं मांडीन: निमित्तं धुंडाळणारा निष्कारण दुष्टावा. ‘निर्हेतुक’ नव्हे, ‘निष्कारण’. इतकं बदललं की मार्गदर्शकातलं वाक्य आणि खालचा प्रश्न सुखानं एकत्र राहतात.

‘निष्कारण’ला बैठक जुनी आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकात श्लोक आहे:

मृगमीनसज्जनानां तृणजलसंतोषविहितवृत्तीनाम् ।
लुब्धकधीवरपिशुना निष्कारणवैरिणो जगति ॥

हरिण गवतावर जगतं, मासा पाण्यावर, सज्जन समाधानावर. तरी पारधी, कोळी आणि पिशुन हे जगात त्यांचे निष्कारण वैरी. पिशुन म्हणजे चहाडखोर, मागे लावालावी करणारा. पारध्याला आणि कोळ्याला निदान पोट आहे. पिशुनाला तेही नाही, आणि श्लोकाचा खरा डंख तिथेच आहे, असं माझं वाचन. त्याच नीतिशतकात माणसांची प्रतवारी सांगणारा आणखी एक श्लोक आहे. स्वार्थासाठी दुसऱ्याचं हित बुडवतात ते मानवरूपी राक्षस, इथवर भर्तृहरीकडे नाव आहे. पण जे काहीच लाभ नसताना परहित बुडवतात ‘ते के न जानीमहे’, त्यांना काय म्हणावं ते कळत नाही. कोलरिजच्या कितीतरी शतकं आधी, जवळजवळ त्याच जागी येऊन, इथला कवी हात टेकतो.

‘प्रेरणा’ मी टाळीन. मानसशास्त्राच्या पुस्तकात ‘मोटिव्हेशन’ला प्रेरणा म्हणतात, तिथे ठीक. पण बोलण्यात प्रेरणा शिवाजी महाराजांकडून घेतात, आईकडून घेतात. ‘इयागोची प्रेरणा’ म्हटलं की त्याचा सत्कार करायचा आहे असं वाटतं.

मात्र ‘निष्कारण’ लिहून तुमचं उत्तर संपत नाही. सिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५च्या कथासंग्रहातून शेक्सपिअरनं ही गोष्ट उचलली. तिथल्या निशाणवाल्याचं कारण सरळ आहे: तो डिस्डिमोनावर भाळलेला असतो, ती दाद देत नाही, तिचं मन दुसऱ्या अधिकाऱ्यावर आहे असा त्याचा समज होतो आणि प्रेमाचा द्वेष होतो. शेक्सपिअरनं हे ठसठशीत कारण काढून घेतलं आणि दुसऱ्या अंकात त्याचा नुसता उल्लेख ठेवला. म्हणजे ही रिकामी जागा विसरून राहिलेली दिसत नाही, केलेली दिसते. शेवटी ऑथेल्लो विचारतो, या सैतानाला विचारा, त्यानं मला असं का जाळ्यात पकडलं? त्यावर इयागोचं उत्तर: मला काही विचारू नका, तुम्हाला जे ठाऊक आहे ते ठाऊक आहे. यापुढे मी एक शब्द बोलणार नाही.

त्या रिकाम्या जागेसाठी इंग्रजी समीक्षकांनी ढीगभर शाई खर्च केली. आपल्याकडे तयार शब्द आहे: विघ्नसंतोषी. त्यात ‘संतोष’ आहे हे नीट पाहा. दुसऱ्याचं बिघडलं यातच ज्याचं सुख, त्याला वेगळं कारण लागत नाही. तेच सुख त्याला पुरतं. डेस्डिमोनावर भाळलेल्या रॉडरिगोला तो पहिल्याच अंकात सांगतो, तू ऑथेल्लोची बायको फितवलीस तर तुला सुख आणि मला खेळ. दुसऱ्या अंकात, रात्रभर दंगल घडवून कॅसिओची नोकरी घालवल्यावर, सकाळ झालेली पाहून म्हणतो, मजेत आणि कामात वेळ कसा गेला कळलंच नाही. एखादं कार्य पार पाडून दमलेल्या यजमानाचं वाक्य आहे हे.

अर्थात ‘विघ्नसंतोषी’ हा शब्द आज सभेच्या मंडपापुरता उरला आहे. ‘काही विघ्नसंतोषी लोकांनी’ म्हटलं की काम भागतं. पण इयागोसाठी तो पुन्हा घासूनपुसून वापरण्याजोगा आहे.

‘ऑथेल्लोचा विषय मत्सर’ हे वाक्यही त्या मार्गदर्शकात असणारच. तेही खोडा. इंग्रजीत ‘जेलसी’ एक, मराठीत दोन. बायकोच्या वागण्याबद्दल नवऱ्याच्या मनात येतो तो संशय. दुसऱ्याचं चांगलं पाहून पोटात दुखतं तो मत्सर. ऑथेल्लोला कुणाचा मत्सर नाही, त्याला संशयानं पछाडलं आहे. कॅसिओकडे पाहून इयागोचं जे होतं तो मत्सर. हा फरक गोविंद बल्लाळ देवलांच्या हाताला पक्का ठाऊक होता. ‘ऑथेल्लो’वरून १८९० मध्ये ‘झुंझारराव’ लिहिणाऱ्या देवलांचंच ‘संशयकल्लोळ’. तिथे रुमालाऐवजी तसबीर आहे, ती भलत्याच्या हाती लागते, नवरा-बायको एकमेकांवर संशय घेतात आणि प्रेक्षक हसून लोळतात. सामान तेच, फक्त इयागो नाही. मधे कुणी मुद्दाम तेल ओतणारा नसला की संशयाचं प्रहसन होऊन सुटतं.

कारण आणि संशय यांचा संबंध नाटकात एमिलिया, म्हणजे इयागोचीच बायको, एका दमात सांगून टाकते. डेस्डिमोना म्हणते, अगं, मी तर त्याला काही कारण दिलं नाही. एमिलिया म्हणते, संशयी माणसाला त्याचं काही नसतं. ते कारण आहे म्हणून संशय घेत नाहीत, संशयी आहेत म्हणून घेतात. हा राक्षस स्वतःच्याच पोटी जन्मतो. आणि पाचव्या अंकात, झोपलेल्या बायकोच्या खोलीत शिरताना ऑथेल्लोचे पहिले शब्द काय? ‘कारण आहे, माझ्या जिवा, कारण आहे.’ मग म्हणतो, पण ते मी उच्चारणार नाही. इंग्रजीत त्या ओळीत ‘कॉज’ शब्द आहे, ‘मोटिव्ह’ नाही. कारण नसलेल्या माणसानं, म्हणजे इयागोनं, कारण नसलेल्या गोष्टीसाठी दुसऱ्याच्या तोंडी ‘कारण’ घातलं आहे. भाषांतरात इथे ‘हेतू’ आला तर सगळा खेळ बिघडला.

राहिला रुमाल. तो आधी निमित्त आहे, मग ऑथेल्लोच्या लेखी पुरावा, आणि त्यानंतर वाटलं तर प्रतीक. ऑथेल्लोचं डोकं दुखतं म्हणून डेस्डिमोना त्याच्या कपाळाला तो बांधू पाहते, तो म्हणतो तुझा रुमाल लहान पडतो, झटकतो, रुमाल खाली पडतो आणि एमिलिया उचलते. इतकं साधं. १६९३ मध्ये थॉमस रायमर या टीकाकारानं यावरून नाटकाची टर उडवली: एवढ्याशा रुमालावर केवढी ही शोकांतिका!

पण रुमालाला वजन कोण देतं ते पाहा. तो हरवल्यावर ऑथेल्लो बायकोला सांगतो की तो एका जादूगार बाईनं माझ्या आईला दिला होता, त्याच्या धाग्यांत जादू विणलेली आहे, तो गमावला तर नवऱ्याचं मन उडतं. शेवटच्या प्रवेशात तोच सांगतो की माझ्या वडिलांनी आईला दिलेली ही जुनी खूण. दोन गोष्टी जुळत नाहीत. पहिली बायकोला घाबरवायला रचली असेल, किंवा बोलता बोलता त्याची त्यालाच खरी वाटली असेल. नाटक निवाडा देत नाही.

म्हणून उत्तरपत्रिकेत ‘रुमाल हे पातिव्रत्याचं प्रतीक आहे’ असं मोघम लिहू नका. कुणाच्या लेखी, ते लिहा. डेस्डिमोनाला ती नवऱ्याची पहिली भेट आहे, ती जवळ बाळगते, तिच्याशी बोलते. एमिलियाला ती एक क्षुल्लक वस्तू, नवरा शंभरदा मागतो म्हणून देऊन टाकायची. इयागोच्या हिशेबी, संशयी माणसाला हवेइतकी हलकी वस्तूही धर्मग्रंथाच्या वचनाएवढी पक्की वाटते. हे तो रुमाल खिशात टाकतानाच बोलतो. बियान्काला, म्हणजे कॅसिओच्या प्रेयसीला, तो त्याच्या दुसऱ्या बाईचा वाटतो आणि ती त्यावरचं भरतकाम उतरवून द्यायला नकार देते. पातिव्रत्याचं प्रतीक तो एकट्या ऑथेल्लोला वाटतो, आणि तेही इयागोनं कान भरल्यानंतर.