वाचकांचे प्रश्न : साहेबांच्या ट्रंकेतले कागद

प्रश्न : वडील चिंचवडच्या एका कारखान्यात अधिकारी होते, निवृत्त झाले ते संचालक म्हणून. त्यांच्या मागे तीन ट्रंका कागद आहेत : पत्रव्यवहार, डायऱ्या, फॅक्स, घरची पत्रं. विषयवार लावायला घेतलेत. लॅमिनेशन करावं का? पुढे कुणाकडे द्यावेत? – एक वाचक, पुणे

उत्तर : विषयवार लावणं आधी थांबवा. आलेलं पत्र, त्यामागे उत्तराची कार्बन प्रत, समासात पेन्सिलीनं ‘बोलावे’. निर्णय कसा झाला ते या क्रमातच कळतं. क्रम मोडला की उरते ती रद्दी. फायलीवरचं मूळ नाव तसंच ठेवून ट्रंक १, फाइल १ असे क्रमांक पेन्सिलीनं घाला. घरची पत्रं ऑफिसच्या फायलीत सापडली, तरी तिथेच राहू द्या.

पहिला हात फॅक्सला. थर्मल कागदावरची (शाईऐवजी उष्णतेनं उमटलेली) अक्षरं उष्णतेनं, उजेडानं उडतात. काही वर्षांत कोरा कागद हाती येतो. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा आणि साध्या कागदावर झेरॉक्स काढून मूळ फॅक्समागे ठेवा.

गंजलेली टाचणी ओढू नका. कार्बन प्रतीचा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा असतो, गंजानं चिकटलेला तुकडा टाचणीबरोबर निघून येतो. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये पातळ पॉलिएस्टरची पट्टी सरकवा, मग बोथट पात्यानं टाचणी हळूच सोडवा. रबर बँडऐवजी रुंद सुती फीत बांधा.

लॅमिनेशन नको, सेलोटेपही नको. दोन्हींचा गोंद कागदात मुरतो आणि कागद पुन्हा मोकळा होत नाही. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ घरातल्या माणसांनाही बाधते. अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेल्या कागदाचे) फोल्डर आणा आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. बुरशी दिसली तर ती फाइल वेगळी काढून सावलीत, वाऱ्यावर वाळवा, उन्हात नको.

देण्याआधी यादी करा. संचालक मंडळाचे कागद आणि ड्रॉइंग यांवर कंपनीचा हक्क असू शकतो, म्हणून तिला विचारा. वडिलांना आलेल्या पत्रांचा कागद तुमचा, पण प्रकाशनाचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांचा. पुण्याचं टाटा सेंट्रल आर्काइव्ह्ज (१९९१) आणि विक्रोळीचं गोदरेज आर्काइव्ह्ज (२००६) मुख्यतः आपापल्या समूहाचे कागद जपतात. वालचंद हिराचंद आणि पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांचे कागद दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात आहेत. त्याचं नाव आता प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय. अशा संस्थेला आधी यादी पाठवा, ट्रंका नंतर. करारात एक अट आवर्जून घाला : हयात कामगारांच्या चौकशीच्या आणि आजारपणाच्या फायली ठरावीक वर्षं बंद राहतील.