सँटोरिनी सोडून ग्रीसच्या कुठल्या बेटावर पारंपरिक घरं आणि चालीरीती पाहायला मिळतील?

पांढऱ्या भिंती नि निळे घुमट पाहून कंटाळा आला असेल, तर मी बेलाशक खिओसचं नाव घेईन. बेट तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी खेटून आहे. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून बोट मिळते. मुक्काम मात्र दक्षिणेकडच्या गावांत करा.

ही गावं उभी राहिली ती एका डिंकापायी. मॅस्टिक, म्हणजे आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात पुडीत बांधून देतात ती रुमी मस्तकी. पिस्त्याच्या कुळातलं हे झुडूप भूमध्य समुद्राकाठी इतरत्रही दिसतं, पण धंदा व्हावा असा डिंक इथेच निघतो. १३४६ साली इटलीतल्या जिनोव्हाच्या लोकांनी बेट घेतलं आणि १५६६ मध्ये ऑटोमन तुर्क येईपर्यंत या डिंकावर बक्कळ पैसा केला. चाचे किनाऱ्यावर उतरायचे, म्हणून गावंच किल्ल्यासारखी बांधली.

मेस्ता गावात हे नीट कळतं. वेगळी तटबंदी नाहीच. कडेच्या घरांच्या पाठभिंती एकमेकींना भिडल्या की तोच तट. त्या भिंतींना बाहेरच्या अंगाला पूर्वी ना दार, ना खिडकी. आत अरुंद बोळ, त्यांवर दगडी कमानी. खाली गुरं आणि कोठार, वर माणसं. गच्च्या जवळजवळ एका पातळीत, म्हणजे हल्ला झाला तर छपरांवरून पळत मधला बुरूज गाठता यावा. बुरजाच्या जागी आता चर्च आहे.

पिर्गी गावाची तऱ्हा निराळी. तिथे भिंतीला काळसर वाळूचा गिलावा करतात, त्यावर पांढऱ्या चुन्याचा हात देतात आणि तो ओला असतानाच काट्याने खरवडतात. पांढरं जातं तिथे खालचा काळा उघडा पडतो. त्रिकोण, चौकटी, वर्तुळं, अगदी सज्जांच्या खालच्या बाजूलाही! त्याच सज्जांवर छोट्या टोमॅटोंच्या माळा वाळत टांगलेल्या असतात.

उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून पांढरी माती पसरतात, मग खोडावर बारीक चिरा देतात. ठिपकलेला डिंक त्या मातीवर सुकतो. तो निवडायचं किचकट काम हिवाळ्यात बायका एकत्र बसून करतात. २०१४ साली युनेस्कोने या परंपरेची नोंद घेतली.

ईस्टरच्या रात्री बेटावरच्या व्रोन्तादोस गावातल्या दोन चर्चांनी एकमेकांवर अग्निबाण सोडायची प्रथा, तिचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. मला त्यापेक्षा मेस्ताचा ‘आगा’ आवडतो. ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या सोमवारी गावातलाच एकजण ऑटोमन अधिकारी बनून चौकात कचेरी भरवतो आणि बघ्यांवर वाट्टेल ते आरोप ठेवून दंड वसूल करतो. पाहुण्यांनाही सोडत नाहीत, तेव्हा सुटे पैसे ठेवा.

तो सोमवार साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, डिंकाचं काम ऑगस्ट-सप्टेंबरात. एकच फेरी जमणार असेल, तर डिंकाची निवडा.