वायरलेस माऊस घेतला, पण कर्सर मध्येच अडखळतो. बदलून घ्यावा, की ब्लूटूथवाला घ्यावा?

प्रश्नातलं शेवटचं वाक्य नसतं तर मी वाचून पुढे गेले असते. तुम्ही लिहिलंय, 'घरचे म्हणतात माऊस चांगला आहे, तुझाच हात अजून बसला नाही.' हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

माऊसला हात बसायला तो काय हार्मोनियम आहे? तुम्ही आजवर वायरवाला माऊस वापरलाय ना? मग हात बसलेलाच आहे. वायर गेली म्हणून हात नवा होत नाही.

मी सांगलीत डीटीपी करते, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावते, 21 वर्षं झाली. छापखाना सासऱ्यांचा. आधी ट्रेडल होती, मग ऑफसेट आली, आणि कॉम्प्युटर आला तेव्हा माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. त्यामुळे त्यावर मला बसवलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची कार्डं, निवडणूक आली की हँडबिलं. दिवसाचे आठ-नऊ तास उजवा हात माऊसवर. कोरलमध्ये, म्हणजे आमच्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, वेलांटी अर्धा मिलिमीटर सरकवायची तर श्वास रोखून सरकवावी लागते. म्हणून माझ्या हाताबद्दल कुणी बोललं की मला लागतं.

2017 च्या दिवाळीत धाकटे दीर पुण्याहून आले. आयटीत आहेत, घरात कॉम्प्युटरबद्दल त्यांचा शब्द शेवटचा. येताना दोन वस्तू घेऊन आले, एक वायरलेस माऊस आणि एक टीबीची बाहेरून लावायची हार्ड डिस्क. "वहिनी, हा तुमचा पाडवा," म्हणाले. मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. जुन्या माऊसची वायर टेबलाच्या कडेला घासून घासून सोलली होती, चिकटपट्टी लावून चालवत होते. मामंजी म्हणाले, "शेपूट तोडलेला उंदीर आणलास की रे!" ते बरोबरच बोलले म्हणा. 1968 साली अमेरिकेत एंगलबार्ट नावाच्या माणसाने पहिल्यांदा तो चारचौघांत चालवून दाखवला. त्याचा पहिला नमुना म्हणजे लाकडी डबी, आणि तिला वायर होती. त्या शेपटीवरूनच उंदीर हे नाव पडलं म्हणतात.

भाऊजींनी सगळं स्वतःच्या हाताने जोडून दिलं. माऊसच्या पोटातलं झाकण काढलं, आतून नखाएवढा डोंगल काढला (कॉम्प्युटरला लावून माऊसचे निरोप ऐकणारा तो तुकडा), पेन्सिल सेल घातला, खालचं बटण सरकवलं. डोंगल कॅबिनेटच्या पुढच्या निळ्या पोर्टात लावला. शेजारच्या निळ्या पोर्टात हार्ड डिस्क लावली. दोघांत बोटभर अंतर. रोज संध्याकाळी सहाला बॅकअप आपोआप सुरू होईल असंही करून दिलं. जुना माऊस उचलून भंगाराच्या पोत्यात टाकला. "आता हे म्युझियममध्ये," म्हणाले.

हे सगळं एवढं बारीक का सांगतेय ते पुढे कळेल.

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे पत्रिकांची रांग लागते. सकाळी मी काम करायचे तेव्हा माऊस लोण्यासारखा चालायचा. संध्याकाळ झाली की त्याच्या अंगात यायचं. कर्सर थांबायचा, मग एकदम चार बोटं पुढे उडी. क्लिक करावं तर ओळ उचलली जायची. बोट मी उचललेलं असायचं, पण कॉम्प्युटरला वाटायचं अजून दाबलेलंच आहे, आणि ती ओळ कर्सरबरोबर फरफटत जायची. रोज तेच.

भाऊजींना फोन केला.

"वहिनी, तुम्ही माऊस फार घट्ट धरता. सैल धरा."

"अहो, सकाळी नीट चालतो."

"मग बघा ना. संध्याकाळी दमलेल्या असता. हात थरथरत असेल."

माऊस महागातला, आणणारा इंजिनिअर, आणि मी दिवसभर राबलेली बाई. तिघांत दोष कुणाचा हे घरात अर्ध्या मिनिटात ठरलं. मामंजींनीही मान डोलावली. वाईट याचं वाटतं की मलाही ते पटलं. सासूबाईंच्या आग्रहावरून डॉक्टरकडे गेले. थायरॉईड वाढला तर हात थरथरतात म्हणून त्यांनी टीएसएच ही रक्ततपासणी करायला सांगितली. आली 2.8, म्हणजे अगदी ठीक. डॉक्टरांनी दोन्ही हात समोर ताठ धरायला लावले, बोटांवर कागद ठेवून पाहिला. कागद हलला नाही. घरी येऊन सांगितलं तर उत्तर मिळालं, "तिथं सकाळी गेली होतीस ना?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग ती पत्रिका झाली. पाचशे प्रती, ऑफसेटवर, दोन रंगात. प्रूफ मंजूर होऊन आलं होतं, फक्त 'आपले नम्र'मध्ये एका काकांचं नाव वाढवायचं होतं. संध्याकाळचे सव्वासहा. नाव वाढवलं, तळाची 'स्थळ'ची ओळ जागेवर आहे ना म्हणून तिच्यावर क्लिक केलं, सेव्ह केलं, फाईल दिली. त्या क्लिकमध्ये ती ओळ घसरून पानाच्या खाली जाऊन पडली होती. कोरलमध्ये पानाबाहेर गेलेलं स्क्रीनवर दिसतं, छापत नाही. तिसऱ्या दिवशी मुलीचे वडील गठ्ठा हातात घेऊन उभे. ओरडले नाहीत. एक पत्रिका माझ्यापुढे ठेवून शांतपणे म्हणाले, "ताई, लग्न आहे कुठं?"

त्या रात्री आमचं सगळं घर पाचशे पत्रिकांवर सोनेरी स्टिकर चिकटवत होतं. माझ्या हातात स्टिकर कुणी देईना. 'तू नको, वाकडे लागतील.'

जानेवारीत आमच्या ह्यांना सीटीपी प्लेटा (कॉम्प्युटरवरून थेट निघणाऱ्या छपाईच्या प्लेटा) काढायला कोल्हापूरला जायचं होतं. जुन्या फायली लागणार म्हणून हार्ड डिस्क सोबत नेली. त्या संध्याकाळी मी साडेसातपर्यंत काम केलं आणि माऊसने एक उडी मारली नाही. दुसऱ्या दिवशी डिस्क परत जागेवर, सहा वाजले, बॅकअप सुरू, उड्या सुरू. मी बॅकअप थांबवला, उड्या थांबल्या. पुन्हा सुरू केला, पुन्हा उड्या. असं पाच वेळा केलं. सहाव्यांदा मामंजींना खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "आता तुम्ही हलवा. तुमचा हात थरथरतो का ते बघू."

त्यांचाही थरथरला.

कारण नंतर शोधलं. डोंगलवाला माऊस 2.4 गिगाहर्ट्‌झच्या रेडिओ लहरींवर बोलतो. जुनं वायफाय तिथेच, ब्लूटूथही तिथेच, त्या पट्ट्यात आधीच बाजार भरलेला असतो. त्यात यूएसबी 3.0 म्हणजे बहुतेक निळा असतो तो पोर्ट. त्यातून सेकंदाला 5 गिगाबिटच्या वेगाने माहिती धावते तेव्हा पोर्टातून, केबलमधून आणि हार्ड डिस्कच्या खोक्यातून जो रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो तो 2.4 गिगाहर्ट्‌झच्या आसपासही पसरतो. डोंगल बिचारा शेजारीच बसलेला. माऊस टेबलावरून कुजबुजतोय आणि डोंगलच्या कानाशी बँड वाजतोय. ऐकू काय येणार? अर्धे निरोप गळतात, बोट उचलल्याचा निरोप उशिरा पोचतो, म्हणून क्लिकची फरफट होते. डिस्क नुसती लावून ठेवली आणि काम करत नसली तर आवाज कमी, म्हणून माझी सकाळ शांत. मी काही शोध लावलेला नाही. इंटेल कंपनीने 2012 सालीच यावर रीतसर टिपण काढलंय, त्यात वायरलेस माऊसचं नाव घेऊन लिहिलंय. म्हणजे आमच्या घरात माझ्या थायरॉईडची तपासणी झाली त्याच्या पाच वर्षं आधी.

उपाय काय केला? पूर्वी ते इंटरनेटचे नेटसेटर मिळायचे, त्याच्याबरोबर हातभर लांबीची यूएसबीची वायर यायची. ती ड्रॉवरमध्ये पडून होती. एक टोक मागच्या काळ्या, म्हणजे जुन्या यूएसबी 2 च्या पोर्टात, दुसऱ्या टोकाला डोंगल, आणि तो डोंगल कीबोर्डच्या उजवीकडे टेबलाला चिकटपट्टीने चिकटवला. माऊसपासून वीतभर, डिस्कपासून दोन हात. त्या दिवसापासून आजपर्यंत तक्रार नाही. म्हणजे वायरलेस माऊस चालायला वायर लागली, यावर मामंजी अजून हसतात.

ते इंटेलचं टिपण मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. भाऊजींनी अंगठा दाखवला. नुसता अंगठा. पुढच्या दिवाळीत सगळे बसलेले असताना म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, इंटरफिअरन्स असणार." तेव्हा काय म्हटलं होतं ते मला पाठ आहे, पण पाहुणे होते.

आता तुमचं बघू. तुम्ही लिहिलंय डोंगल 'सीपीयूला मागे' लावलाय. मागे म्हणजे पत्र्याच्या डब्याआड, टेबलाखाली, वायरींच्या गुंत्यात. तिथून काढा. पुढे आणा, आणि शेजारी हार्ड डिस्क किंवा पेनड्राईव्ह असेल तर पुढेही लावू नका, वायर घेऊन टेबलावर आणा. वायर साधी यूएसबी 2 ची चालते, महागडी नको. हे केल्याशिवाय माऊस बदलून घ्यायला जाऊ नका, दुकानदार त्याच्या काउंटरवर चालवून दाखवील आणि तिथे तो सुरेख चालेल. मग तुम्हीच खोट्या ठराल, आणि घरचे तयारच आहेत.

घरच्यांसाठी एक परीक्षा सांगते. कुठूनही वायरवाला माऊस मागून आणा, त्याच वेळी, त्याच कामाला लावा. उड्या गेल्या तर हात निर्दोष. जुना माऊस कधीच फेकू नये तो यासाठीच. माझा भंगारात गेला नसता तर मला डॉक्टरचं तोंड पाहावं लागलं नसतं.

ब्लूटूथचं विचारलंत. माझं मत नको असं आहे. एक तर जुन्या डेस्कटॉपला ब्लूटूथ नसतंच, मग त्याचा वेगळा डोंगल लावावा लागतो आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दुसरं म्हणजे विंडोज सुरू होईपर्यंत तो बऱ्याचदा जागाच होत नाही, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, काही बदलायचं तर वायरवालाच शोधावा लागतो. लॅपटॉप असेल, पोर्ट दोनच असतील, तर मात्र ब्लूटूथ घ्या, तिथे तो सोयीचा. एवढं म्हणून सांगते की ब्लूटूथ गोंगाट असलेली जागा टाळून उड्या मारत बोलतं, त्यामुळे काहींना तोच बरा लागतो. मी डोंगलवाली आहे, माझं ऐकून पैसे घालवू नका.

डोंगल जपा. साध्या माऊसचा डोंगल हरवला की माऊस गेला, शेजारणीचा डोंगल त्याला चालत नाही. लॉजिटेकच्या काही माऊसना एकच डोंगल सहा वस्तूंना जोडता येतो, युनिफाइंग म्हणतात, पण प्रत्येक मॉडेलला तो नसतो. खोक्यावर चिन्ह बघा.

सेल कमी झाला तरी कर्सर अडखळतो, हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. नवा सेल घालून बघा. चार्जिंगचे सेल 1.2 व्होल्टचे असतात, साधे 1.5 चे, म्हणून काही माऊस भरलेला सेलही कमी दाखवतात, घाबरू नका. महिनाभर गावाला जाणार असाल तर सेल काढून ठेवा, आत फुटला की पांढरी भुकटी सगळं खाऊन टाकते. टेबलाला काच असेल तर बहुतेक माऊसना खालचं दिसत नाही, तिथेही अशाच उड्या येतात. मी आयव्हरी कार्डाचा उरलेला तुकडा खाली ठेवते, रबरी पॅडपेक्षा बरा, आणि आमच्याकडे फुकट.

आणि हो, त्या पत्रिकेचं शेवटचं प्रूफ मी कागदावर काढून बघितलं नव्हतं. ती चूक माऊसची नाही, माझी. पण ते मी घरी कबूल केलेलं नाही, आणि भाऊजी हे वाचत नाहीत.

डोंगल मागे नक्की कुठल्या रंगाच्या पोर्टात आहे, आणि त्याच्या शेजारी काय लावलंय, ते बघून खाली लिहा.