घराचं तळघर रिकामं पडलंय, ते राहण्या-वापरण्यासारखं कसं करावं? थोडी ओल आहे, ती वॉटरप्रूफ रंगाने झाकली तर चालेल ना?

नाही चालणार.

बाकी प्रश्नाकडे नंतर येते, पण 'थोडी ओल आहे, रंगाने झाकू' हे वाक्य वाचून गप्प बसवलं नाही. हेच वाक्य आमच्या धाकट्या दिरांनी अगदी याच सुरात म्हटलं होतं, आणि त्यापायी आमच्या तळघराचं काम एकदा करून, उखडून, पुन्हा करावं लागलं.

रंग तुम्ही आतून लावणार आणि पाणी येतंय बाहेरून. भिंतीमागची माती पाण्याने भरली की जसजसं खाली जावं तसतसा दाब वाढतो. मीटरभर खोलीवर तो चौरस मीटरमागे सुमारे हजार किलो वजनाएवढा होतो. रंगाचा पातळ थर त्याच्यापुढे काय टिकणार? आधी फुगे येतात, मग पोपडे निघतात. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यात साठून तो भुसभुशीत होतो. भिंतीवर पांढरी पूड दिसत असेल तर तो हाच लोणा. त्यावर रंग मारणं म्हणजे तापावर पावडर लावणं.

आता आमचं रामायण. भाऊजींच्या डोक्यात होम थिएटर होतं. तळघर म्हटलं की बऱ्याच जणांना एकतर मोठा पडदा दिसतो नाहीतर व्यायामाची यंत्रं. का, ते मला आजवर कळलेलं नाही. आमच्या घरात टीव्ही बघायला जागा नाही अशी तक्रार कुणाचीच नव्हती. तक्रारी वेगळ्याच होत्या. सासऱ्यांना जुने रेडिओ दुरुस्त करायचा नाद, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर कायम एखादा रेडिओ पोट उघडून पडलेला. पुतणी व्हायोलिन शिकते आणि सुरुवातीचं व्हायोलिन काय असतं हे ज्याच्या घरात वाजलंय त्यालाच कळेल. माझं शिवणयंत्र पलंगाच्या पायथ्याशी, दर वेळी ओढून काढायचं आणि परत ढकलायचं. मी म्हटलं, ज्याला कोपरा नाही त्याला कोपरा द्या. भाऊजी म्हणाले, "वहिनी, घराची किंमत वाढवायची तर थिएटरच."

ठरलं थिएटर. त्यांच्या ओळखीचा ठेकेदार आला. त्याने आतून रंग मारला, भिंतींना लाकडी चौकटी ठोकल्या, वर प्लाय, खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, डोक्यावर फॉल्स सीलिंग. मी सांगून पाहिलं की एक पावसाळा जाऊ दे, कुठली भिंत काय करते ते उघड्या डोळ्यांनी बघू, मग झाका. "तुम्ही फार शंका काढता" हे उत्तर मिळालं.

पावसाची पहिली झड संपायच्या आत कुबट वास सुरू झाला. मग कोपऱ्यातला गालिचा पायाला गार लागायला लागला, मग प्लायचे सांधे फुगले. शेवटी सुताराने प्लायचा एक तुकडा काढला, तर मागे भिंतभर काळी बुरशी आणि चौकटीची खालची पट्टी हाताने कुस्करावी इतकी मऊ. आता गंमत बघा, त्यावर भाऊजींचं निदान काय? "खिडक्या बंद ठेवल्या म्हणून झालं, हवा खेळायला हवी." मग दोन्ही झरोके दिवसरात्र उघडे ठेवले. उरलेल्या भिंतींनाही घाम फुटला.

तेव्हा मी जे केलं ते तुम्ही आजच करा. जाड प्लास्टिकचे हात-दीड हात चौकोनी तुकडे कापा. प्रत्येक भिंतीला आणि फरशीलाही एकेक लावा, चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येतेय. पुढे, खोलीच्या बाजूला थेंब असतील तर ती हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर जमतेय. दोन्ही दुखणी वेगळी, उपायही वेगळे. आमच्याकडे उत्तरेच्या भिंतीवर पाणी मागे होतं आणि बाकीच्या भिंतींवर पुढे.

उत्तरेच्या भिंतीचं कारण घराबाहेर सापडलं. गच्चीचा पाइप नेमका त्या कोपऱ्यात, भिंतीच्या बुडाशी पाणी ओतत होता आणि अंगणाची फरशी घराकडे उतरती होती. पाइप लांब नेला आणि फरशीचा उतार फिरवला. अमेरिकेच्या निवासी बांधकाम नियमावलीत पहिल्या 10 फुटांत 6 इंच उतार घराच्या उलट दिशेला द्यायला सांगितलंय. आकडा तिथला असला तरी पाणी सगळीकडे सारखंच वाहतं. बरीचशी ओल एवढ्यानेच गेली. उरली त्यासाठी भिंत बाहेरून खणून मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पडदा, चढवलं, बुडाशी खडी आणि भोकं पाडलेला निचऱ्याचा पाइप टाकला. हे खणणं खर्चाचं आहे, म्हणून ते शेवटी. आधी पागोळ्या, पन्हळी, पाइप आणि उतार. लोक नेमकं उलटं करतात.

राहिला खिडकीचा मुद्दा. भाऊजींना तो अजून पटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते. बाहेर 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू साधारण 26 अंश असतो. म्हणजे 26 किंवा त्याहून थंड असलेल्या कशालाही ती हवा लागली की पाणी जमणार. तळघराची भिंत मातीला टेकलेली, माती वरच्या हवेइतकी तापत नाही, भिंत 24 अंशांवर असू शकते. अशा वेळी खिडकी उघडली की ओल सुकत नाही, तुम्ही ती बाहेरून आत घेता. दमट दिवसांत खिडकी बंद आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) चालू, बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हा खिडकी सताड उघडी. यात मतभेदाला जागाच नाही. एक साधा आर्द्रतामापक आणून भिंतीवर टांगा आणि काटा 60 टक्क्यांच्या खाली ठेवा, 50 च्या आसपास असेल तर उत्तम. डीह्युमिडिफायरची नळी थेट मोरीत सोडा. नाहीतर भांडं भरलं की यंत्र आपोआप बंद पडतं, आणि ते भांडं ओतायची जबाबदारी कुणाचीच नसते.

हवा खेळती हवी हे खरंच. माणसं तासन्‌तास बसणार तर ताजी हवा लागतेच. पण त्यासाठी आत आणणारा आणि बाहेर टाकणारा असे दोन पंखे मोजूनमापून बसवतात. झरोका उघडून नशिबावर सोडणं याला वायुवीजन म्हणत नाहीत.

भिंती सुकल्यावर आम्ही काय केलं ते सांगते, त्यातच तुमच्या 'कल्पना' येतील. लांब भिंतीशी सासऱ्यांचं कामाचं टेबल, वर पांढरा लख्ख दिवा आणि भिंतीवर अवजारांची फळी. झरोक्याखाली माझं यंत्र, कापड बेतायला मोठा फळा. टोकाला पार्टिशन घालून पुतणीची रियाजाची खोली. आवाज अडवायचा तर आधी फटी बुजवा. आवाज भिंतीपेक्षा दाराखालून आणि जिन्यावाटे जास्त पळतो. दाराला रबरी पट्ट्या, पार्टिशनच्या पोकळीत रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), दोन्हीकडून दुहेरी जिप्सम बोर्ड (कागद चढवलेल्या प्लास्टरच्या शीट). आता वर व्हायोलिन ऐकू येतं, पण टीव्हीचा आवाज वाढवावा लागत नाही. कपडे धुण्याचं यंत्रही खाली नेणार होतो, मग ओलीचा विचार करून थांबलो.

सामानाचा एकच नियम: जे कुजतं ते भिंतीला आणि फरशीला टेकवायचं नाही. म्हणजे लाकडी चौकटीऐवजी पत्र्याची, गालिच्याऐवजी टाइल, कपाटं पायांवर आणि भिंतीपासून चार बोटं सुटी. भिंतीला उष्णतारोधक हवं असेल तर फोमच्या कडक शीट थेट काँक्रीटला चिकटवा, सांधे टेपने बंद करा, मग पुढे चौकट आणि तिच्यावर जिप्सम बोर्ड. फोम उघडा ठेवू नका, आगीत धोका असतो. जिप्सम बोर्ड फरशीपासून अर्धा इंच वर ठेवा, त्याचा कागद पाणी शोषतो आणि बुरशीला खाद्य होतो. विजेची बटणं-सॉकेट उंच घ्या आणि त्या सर्किटला विजेची गळती जाणवताच वीज तोडणारं उपकरण लावाच. पुस्तकं, फोटोंचे अल्बम, गाद्या तिथे नेऊ नका, निदान वर्षभर काटा बघितल्याशिवाय तरी. उजेडासाठी छत पांढरं ठेवा आणि एका मोठ्या दिव्याऐवजी चार-पाच लहान लावा.

न्हाणीघर-संडास करायचा विचार असेल तर तळघराची फरशी सांडपाण्याच्या मुख्य लाइनच्या खाली आहे का ते आधी बघा. असेल तर पाणी पंपाने वर चढवावं लागतं, आणि उलटं येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व लागतो. पंप बंद पडला की काय होतं याचं वर्णन करत नाही. मी तरी संडास वरचाच वापरीन.

झोपायची खोली? माझ्या मते नाही. जिना हा एकच रस्ता असेल आणि धूर जिन्यातच भरला तर खालचा माणूस अडकतो. म्हणूनच त्या अमेरिकी नियमावलीत तळघरातल्या झोपायच्या खोलीला बाहेर पडता येईल अशी खिडकी सक्तीची आहे: उघडल्यावर किमान 5.7 चौरस फूट मोकळी जागा आणि चौकटीची खालची कड फरशीपासून 44 इंचांपेक्षा उंच नाही. पाहुण्यांची खोली म्हणून लोक नेमकं हेच विसरतात. पाहुणा काय, दोन रात्री झोपणार. आग तारीख बघून लागत नाही.

हे आधी लिहायला हवं होतं, पण राहिलं: बऱ्याच ठिकाणी नियमांत तळघर ही राहण्याची जागा धरतच नाहीत, फक्त साठवण किंवा वाहनतळ धरतात. ठेकेदाराला बोलावण्याआधी स्थानिक बांधकाम विभागात विचारा. खाली गॅसवर चालणारा गीझर किंवा बॉयलर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय तिथे कुणाला बसवू नका, त्या वायूला वासही नसतो. तसाच रेडॉन. जमिनीतल्या युरेनियमच्या ऱ्हासातून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू तळघरांत साठतो, आणि धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मोठ्या कारणांत तो मोडतो. जागतिक आरोग्य संघटनेने घरासाठी सुचवलेली पातळी घनमीटरला 100 बेक्वेरेल (किरणोत्साराचं माप) आहे. ती चाचणीच्या किटनेच कळते, नाकाने नाही. सगळीकडे तो धोक्याइतका नसतो, पण बसण्या-उठण्याची जागा करणार असाल तर एकदा मोजून घ्या.

तुम्ही छताची उंची लिहिलेली नाही. सात फुटांच्या आत असेल तर उभं राहून करायची कामं विसरा, बसून करायची योजा. आणि कुणी म्हणालं की फरशी खणून उंची वाढवू, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय कुदळ लावू देऊ नका. पायाशेजारची माती सैल झाली तर वरचं घर बसतं. (ही सूचनाही आमच्याकडे येऊन गेली. कुणाची, ते सांगायला नको.) उंची आणि प्लास्टिकच्या तुकड्यांवर काय दिसलं, दोन्ही कळवा, मग मांडणीचं पुढे बोलू.