पुडी किती पाण्यात?

चि. डॉक्टर,

परवा रात्री फोनवर तू फारच वैतागली होतीस. 'सर, सगळं समजावून सांगितलं, तरी त्या आकडीच्या पोरीचा बाप तेच तेच विचारतो, ताप डोक्यात गेला का?' तू काय समजावलंस ते मी ऐकलं नाही, पण अंदाज आहे. 'फेब्राईल सीझर (तापातली आकडी) आहे, बिनाईन (निरुपद्रवी) असतं, घाबरण्यासारखं काही नाही.' त्यातला 'घाबरण्यासारखं' एवढाच शब्द त्याला ऐकू गेला असेल.

दीड वर्षाच्या पोरीने डोळे फिरवले, अंग ताठ झालं, तोंडाला फेस आला. ती दोन मिनिटं बापाने पोर गेली असंच धरलं होतं. हे तो आपणहून सांगणार नाही. 'आकडी आली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?' असं विचार आणि गप्प राहा. तो बोलेल, बहुधा रडेलही. मगच उत्तर दे, आणि त्याच्याच शब्दांत दे : ताप डोक्यात गेलेला नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही मुलांना तापात अशी आकडी येते, तिने मेंदूला इजा होत नाही. (मेंदूज्वर नाही याची खात्री तू आधी केली असशील, हे धरून चाललोय.)

पुढचं वाक्य आपण सगळेच गिळतो : पुन्हा येऊ शकते. साधारण तीनातल्या एका मुलाला येते. आईबाप घाबरतील म्हणून आपण बोलत नाही. मग आकडी रात्री दोनला घरी येते. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल, कुणी दातांत चमचा घालतं, आणि सकाळी आपल्या शब्दाला काडीची किंमत राहत नाही. त्यापेक्षा सांगून टाक. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल तर गाडी काढा. आजी आली असेल तर तिच्याकडे बघून सांग. कांदा आणायला तीच उठणार आहे.

आता माझी एक गोष्ट सांगतो. मला नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. जुलाबाचं एक बाळ आलं, अकरा महिन्यांचं. पाणी फार कमी झालेलं नव्हतं. मी ओआरएसच्या (जलसंजीवनीच्या) पुड्या दिल्या, चौदा दिवस झिंक लिहून दिलं, 'पुडी पाण्यात टाकून थोडं थोडं पाजत राहा, कळलं ना?' म्हणालो. आई 'हो' म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळ परत आलं ते कर्कश रडत, पाण्यासाठी वखवखलेलं, हात लावू देईना. रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, १६८, धोक्याइतकं जास्त. आईने लिटरभर पाण्याची पुडी एका ग्लासात घातली होती. मी वॉर्डभर ऐकू जाईल असा तिच्यावर ओरडलो. ती हळूच म्हणाली, 'मागच्या वेळी मेडिकलवाल्याने ग्लासातच टाकायला सांगितलं होतं.' मागच्या वेळी तिला २०० मिलीची छोटी पुडी मिळाली होती. छोटी आणि मोठी अशा दोन पुड्या असतात हे मला माहीत होतं, तिला नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. सोडियम हळूहळू उतरवायला दोन दिवस लागले. बाळ वाचलं. त्या बाईची माफी मागायचं मात्र मला तेव्हा सुचलं नाही.

गंमत बघ, १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी काय केलं हे मी विद्यार्थ्यांना रंगवून सांगायचो. सलाईन संपत आलं, तेव्हा त्यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी, म्हणजे ओआरएसच, कालवून ते नातेवाइकांच्याच हाती पाजायला दिलं. छावणीत पटकीचे (कॉलऱ्याचे) मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. उपचार आईबापांच्या हातांनी होतो, हे मी फळ्यावर लिहीत होतो आणि ओपीडीत विसरत होतो.

तेव्हापासून 'कळलं का?' विचारणं सोडलं. त्याला सगळे 'हो'च म्हणतात. 'घरी गेल्यावर सासूबाईंना कसं सांगाल, ते मला सांगून दाखवा,' असं म्हणतो. तापाच्या औषधाला तर हे हवंच. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल म्हणजे १२५ च्या (५ मिलीत १२५ मिलिग्रॅम) सिरपचे ६ मिली, २५० च्या सिरपचे ३ मिली आणि थेंबांच्या बाटलीतले फक्त दीड मिली. 'एक चमचा द्या' म्हणताना त्या आईच्या फडताळात आधीची कुठली बाटली आहे हे तुला ठाऊक असतं का? विचार. जमलं तर बाटली आणायलाच सांग.

ओपीडीत साठ पेशंट असतात, वेळ कुठून आणू, म्हणशील. खरंय, मलाही सगळ्यांसाठी जमत नाही. पहिलटकरीण, पहिली आकडी आणि ज्यांना आपण घरी पाठवतोय पण पोटात धाकधूक आहे, एवढ्यांसाठी मी खुर्ची ओढून बसतो. बाकीच्यांना आमच्या सिस्टर माझ्यापेक्षा बरं सांगतात.

आणि उशिरा आलेल्या आईला 'इतके दिवस काय करत होतात?' हे विचारू नकोस. ती बाई चार दिवस पैशांची जुळवाजुळव करत होती किंवा नवऱ्याच्या परवानगीची वाट बघत होती. तुझ्या त्या वाक्यानंतर पुढच्या खेपेला ती आठव्या दिवशी येईल.

त्या पोरीला उद्या डिस्चार्ज आहे ना? कार्डावर 'पाच मिनिटं' आणि 'कुशीवर' मराठीत, मोठ्या अक्षरांत लिही. बापाला वॉर्डातली उशी पोर समजून कुशीवर वळवून दाखवायला लाव. मग मला फोन कर, दहापर्यंत जागा असतो.

तुझा,
सर