वस्तू मांडायला शिक्षण कशाला लागतं?

पत्र : आमची मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. गुण बरे पडतात, त्यामुळे तिने फार्मसी करावी असं घरात सगळ्यांना वाटतं. पण गेल्या वर्षी सहलीत जुन्या गोव्यातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आणि बाणावलीचं ‘गोवा चित्र’ हे जुन्या शेती-अवजारांचं संग्रहालय बघून आली, तेव्हापासून एकच धोशा, ‘मला म्युझियम मांडायचं काम करायचंय.’ वस्तू मांडायला शिक्षण कशाला लागतं? त्यात पोट भरतं का? तिचे बाबा म्हणतात, चवथीला गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधते तेवढं पुरे. – एक आई, डिचोली

ताई, नमस्कार.

तिच्या बाबांनी वैतागून म्हटलं असेल, पण बोट बरोबर जागेवर ठेवलंय. माटोळीपासूनच सुरुवात करू.

कांगले, घागऱ्या, आंबाडे, तोरिंजन, सुपारीचे घोस, असोले नारळ हे सगळं तुमची मुलगी बांधते तेव्हा जड काय कुठे पेलेल, कुठला रंग कशाशेजारी उठेल, दर्शनाला आलेला माणूस कुठे उभा राहील, हे ती न शिकता ठरवत असते. ही झाली आरास. आता मुंबईचा पाहुणा येतो, वर बघतो, ‘वा, छान’ म्हणतो आणि नेवऱ्यांच्या ताटाकडे वळतो. तेवढ्यात घरातली एखादी म्हातारी आत्या सांगते, ‘हे फळ डोंगरावरून आणावं लागतं, आता मिळत नाही, पूर्वी अमक्या दुखण्यावर देत होते.’ पाहुणा थांबतो, पुन्हा वर बघतो, प्रश्न विचारतो. आत्या तिथे नसतानाही पाहुण्याने असंच थांबावं, याची सोय करणं हे तुमच्या मुलीला खुणावणारं काम. त्याला प्रदर्शन रचना म्हणतात, आणि ते शिकावं लागतं.

शिकावं का लागतं ते सांगतो. बॉस्टनच्या एका कलासंग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन गिलमन यांनी 1916 साली एक साधी गोष्ट केली. एका माणसाला वस्तू नीट बघायला सांगून त्याचे फोटो काढले. खालच्या कपाटातलं वाचायला तो वाकलाय, कुठे उकिडवा बसलाय, कुठे मान वाकडी करतोय. प्रेक्षक कंटाळतो त्यात मांडणाऱ्याचा दोष किती, हे त्या फोटोंनी दाखवलं. शंभर वर्षं उलटली, तरी एका संग्रहालयात माझ्या आईला गुडघ्याच्या उंचीवरची पाटी वाचण्यासाठी माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. तिसऱ्या पाटीनंतर ती म्हणाली, ‘तू बघ, मी बाहेर बसते.’

पाटीचंच घ्या. एका वस्तूला साधारण 50-60 शब्द पुरे, त्याहून लांब मजकूर उभ्याने कोणी वाचत नाही. पण आपल्याकडे कोंकणी हवी, मराठी हवी, इंग्रजीही हवी. तिन्ही लिहिल्या की तीच पाटी पावणेदोनशे शब्दांची होते. कोंकणी फक्त देवनागरीत दिली तर रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी वाचणारा बाहेर राहतो. अक्षर बारीक केलं तर आजोबा बाहेर. मग मजकूर कापायचा की पाट्या वेगळ्या करायच्या, कुठली भाषा वर ठेवायची? गोव्यात हा प्रश्न नुसता सजावटीचा नाही, त्यावरून भांडणं होतात. मला विचाराल तर या धंद्यातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मजेचं काम हेच.

उजेडाचं तसंच. जुनी कुणबी साडी किंवा कागदावरचं चित्र मांडायचं तर उजेड साधारण 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) वर नेत नाहीत, कारण प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही. संग्रहालयात अंधार असतो तो वीजबिलासाठी नव्हे. त्यात आपला पावसाळा. हवेतला दमटपणा 65-70 टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते, म्हणजे काचेच्या कपाटाच्या आतल्या हवेचाही विचार आला. विज्ञान शाखा फुकट जाईल ही भीती म्हणूनच सोडा.

बाकी दिवस कसे जातात तेही तिला सांगा. गोष्ट ठरवणं, नकाशे काढणं हा गोड भाग. उरलेला वेळ सुताराशी, वायरमनशी, छपाईवाल्याशी डोकेफोड, प्लायवूड किती लागेल याचे तक्ते, आणि उद्घाटनाच्या आदल्या रात्री उलटी लागलेली पाटी.

आता शिक्षण. थेट वाट म्हणजे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी. तिथे चार वर्षांच्या बी.डेस.मध्ये, म्हणजे डिझाइनच्या पदवीत, प्रदर्शन रचना हा स्वतंत्र विषय आहे. बारावी कुठल्याही शाखेतून चालते, पण प्रवेश परीक्षा दोन टप्प्यांची आणि स्पर्धा कडक. फीही आपल्या सरकारी कॉलेजांच्या मानाने पुष्कळ जास्त. दुसरी वाट घराजवळची : पणजीच्या गोवा कला महाविद्यालयात बी.एफ.ए., म्हणजे ललित कलेची पदवी, किंवा तिथल्याच वास्तुकला महाविद्यालयात पाच वर्षं, आणि मग पदव्युत्तर शिक्षण बाहेर. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, पण तिथला कल वस्तूंचा सांभाळ, नोंदी, अभ्यास यांकडे अधिक. मांडणी हा त्यातला एक भाग. तिला नेमकं कुठलं टोक आवडतं हे आधी बघा, बऱ्याच मुलांची इथे गल्लत होते.

पोटाचं. गोव्यात या कामाच्या कायम नोकऱ्या बोटावर मोजण्याएवढ्या, हे लपवत नाही. मिरामारचं विज्ञान केंद्र ज्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचं आहे, ती देशभर भरती करते, पण जागा थोड्या. बहुतेकजण मुंबई, दिल्ली, बंगळूर, अहमदाबादच्या खासगी डिझाइन स्टुडिओंत लागतात. सुरुवातीला पगार बेताचा, कामं सरकारी निविदांवर, त्यामुळे पैसे उशिरा. याच शिक्षणावर व्यापारी प्रदर्शनं, दुकानांची रचना आणि महोत्सवांचीही कामं मिळतात. पणजीत 2016 पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, तिथे मांडणी करणारे हात लागतात. दरमहा पहिल्या तारखेला ठरलेली रक्कम हवीच असेल, तर तिचे बाबा म्हणतात ती फार्मसी खरोखर बरी. यात उपरोध नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी एक करा. या चवथीला माटोळीतल्या दहाच वस्तू तिला निवडू द्या. प्रत्येकीला 40 शब्दांची पाटी, आत्याला विचारून लिहिलेली. दहाच का, बाकीच्या का नको, याचं उत्तर तिच्याकडे हवं. मग तिने वही घेऊन कोपऱ्यात बसावं. कोण थांबलं, किती वेळ, कोणती पाटी कोणीच वाचली नाही, मुलं कुठे हात लावायला गेली, हे सगळं टिपावं, आणि दुसऱ्या दिवशी न वाचलेल्या पाट्या बदलून पुन्हा बसावं. पाहुण्यांनी कौतुक केलं का, याला महत्त्व नाही. स्वतः लिहिलेली पाटी फाडून नवी लिहिताना तिला उत्साह वाटला की राग आला, एवढं तुम्ही बघा. दीड दिवसाचा गणपती असेल तर घाई होईल, पाच दिवसांच्या शेजाऱ्यांकडे विचारा.

उत्साह दिसला तर एनआयडीचा फॉर्म याच वर्षी भरा. तो साधारण चवथीनंतर, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत निघतो. नेमकी तारीख आणि वयाची अट संस्थेच्या संकेतस्थळावर बघा. फार्मसीची तयारीही चालू राहू दे. आणि ती वही जपून ठेवा, पुढे कुठे मुलाखतीला गेली तर दाखवायला तेवढं तरी स्वतःचं असेल.